लेझर, लॅमिनेशन आणि माझं नाक

मी दारू पीत नाही. कधी प्यायलो नाही. हे सुरुवातीलाच लिहून टाकतो, कारण गेली दहा-बारा वर्षं नवीन माणूस भेटला की मनातल्या मनात मी आधी हे वाक्य म्हणायचो आणि मग नाव सांगायचो.

पालमला तहसील कचेरीसमोर माझं झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान आहे. वय त्रेपन्न. घरात बायको सुनंदा, मुलगी पल्लवी, आणि नाक. चाळिशीनंतर माझं पोट आणि नाक यांच्यात शर्यत लागली आणि नाक जिंकलं. आधी ते लाल झालं. मी म्हटलं, ऊन आहे. मग शेंड्याला जाड झालं. मी म्हटलं, उष्णता आहे, आणि एक अख्खा उन्हाळा सब्जा पीत राहिलो. मग त्यावर संत्र्याच्या सालीसारखी छिद्रं आली, दोन्ही अंगांना गोळे आले, तेव्हा म्हणायला काही उरलं नाही.

लोकांनी मात्र त्याचं निदान केव्हाच करून ठेवलं होतं. एसटीत पिऊन चढलेला माणूस अख्खी गाडी सोडून माझ्याच शेजारी येऊन बसायचा, आपला माणूस म्हणून. दुकानात दाखल्याची झेरॉक्स काढायला आलेली म्हातारी जाताना सांगायची, "बाबा, पोरीबाळीचा इचार कर." मी हो म्हणायचो. नाही म्हणून पाहिलं होतं. त्यानं संशय वाढतो.

कोरोनाचे दिवस सगळ्यांना वाईट गेले. मलाही गेले, पण एका बाबतीत मी तेव्हा सुखी होतो. सगळ्या पालमनं तोंड-नाक झाकलं होतं आणि माझं झाकलेलं नाक इतरांच्या झाकलेल्या नाकांसारखंच होतं. लोकांनी मास्क काढले, मी काढला नाही.

ज्यांच्याशी बोलताना समोरच्याची नजर डोळ्यांवरून दोन बोटं खाली घसरते, त्यांच्यासाठी हे लिहितोय. आणि गावोगावच्या फलकांवर "लेझर" वाचून ज्यांना वाटतं की बटण दाबलं की काम झालं, त्यांच्यासाठी तर नक्कीच. मलाही तसंच वाटत होतं.

कागद

पल्लवीसाठी चुडाव्याच्या एका घरातून विचारणा आली आणि सुनंदानं मला परभणीला चामडीच्या डॉक्टरांकडे ओढत नेलं. "पाव्हणे पोरीला बघायला येतील का तुमच्या नाकाला?" असं ती म्हणाली, आणि प्रश्न बरोबर होता.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी भिंग लावून नाक पाहिलं, बोटानं दाबलं, आणि एक लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं. मग साध्या भाषेत म्हणाल्या, "कातडीतल्या तेलाच्या ग्रंथी वाढल्यात. जीवाला धोका नाही. औषधानं लाली कमी होईल, पण हे गोळे औषधानं जाणार नाहीत. ते सर्जनकडून काढून घ्यावे लागतील."

"आणि दारू?" मी विचारलं.

"घेता का?"

"न्हाई."

"मग विषयच नाही. घेत असतात तरी हा आजार दारूमुळे होत नाही. लोकांचा गैरसमज आहे."

बारा वर्षं मी या वाक्याची वाट पाहत होतो. माझे डोळे भरून आले. बाई घाबरल्या, त्यांना वाटलं भिंगाचा दिवा डोळ्यांत गेला.

"मॅडम, हे लिहून द्याल का?"

"काय?"

"हेच. का दारूनं झालेलं न्हाई म्हणून."

सुनंदानं टेबलाखालून माझा पाय दाबला. बाईंनी हसत हसत लेटरहेड घेतलं आणि चार ओळी लिहून, सही-शिक्का मारून दिल्या. ऑपरेशनचं मी पुढं काही विचारलंच नाही. कागद मिळाला होता. संध्याकाळी दुकानात येऊन मी तो लॅमिनेट केला. तीस वर्षं लोकांचे जातीचे, जन्माचे, शाळा सोडल्याचे दाखले लॅमिनेट केले; स्वतःचं असं पहिल्यांदाच काही केलं.

पाहुणे

चुडाव्याहून मुलगा, त्याची आई आणि वडील गंगाधरराव आले. मुलगा हिंगोलीला शिक्षक, बोलायला नीट. पल्लवी आणि तो पाच मिनिटं गच्चीवर बोलायला गेले आणि पाऊण तासानं आले. सगळं छान चाललं होतं. मी मास्क लावून बसलो होतो.

मग चहा आला.

मास्क लावून चहा पिता येत नाही. मी तो हळूच हनुवटीवर ओढला. गंगाधररावांची नजर माझ्या नाकावर पडली आणि तिथंच बसली. त्यांचा कप बशीवर वाजला. मला वाटलं, आता शंका मनात ठेवण्यापेक्षा आपणच काढून टाकावी. मी शर्टाच्या खिशातून लॅमिनेशन काढलं आणि त्यांच्यापुढं धरलं.

"हे बगा. डॉक्टरचा शिक्का हाय."

त्यांनी वाचलं. उलटं करून मागची कोरी बाजूही पाहिली. मग परत दिलं. जाताना सगळे म्हणतात तेच म्हणाले, "कळवतो."

ते गेल्यावर सुनंदा म्हणाली, "दारू पीत न्हाई म्हणून जो मानूस खिशात कार्ड घेऊन हिंडतो, त्याला काय म्हणावं लोकानं?"

तोपर्यंत हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

आठवडा गेला, पंधरवडा गेला, चुडाव्याहून काही कळालं नाही. पल्लवी एका शब्दानं बोलली नाही. पण एकदा तिच्या मोबाईलवर ती हवामान बघताना मला दिसली. पालमचं नाही, हिंगोलीचं. त्या दिवशी मी सुनंदाला म्हटलं, "परभणीच्या डॉक्टरला फोन लाव."

दिगंबरचं लेझर

माझा मेहुणा दिगंबर देवगाव फाट्यावर राहतो. लग्नात-मिरवणुकीत डीजे आणि लेझरचे दिवे लावायचा त्याचा धंदा. त्यामुळे लेझर या विषयात आमच्या घराण्यात त्याचा शब्द शेवटचा.

"दाजी, कापाकापी करू देऊ नका. सरळ लेझर मारून घ्या. सकाळी जायचं, संध्याकाळी घरी. टाका न्हाई, पट्टी न्हाई, कुनाला कळत बी न्हाई."

"तुला कसं माहीत?"

"दाजी, लेझरमधी माजी जिंदगी गेली."

तो आमच्यासोबत परभणीला आलाच. सर्जन चाळिशीतले, शांत. महिन्यातून दोनदा परभणीत येऊन ऑपरेशन करायचे. दिगंबरनं त्यांना आधी आपला धंदा सांगितला आणि मग सल्ला दिला. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुमच्याकडे सुतार आहे ना?" त्यांनी मला विचारलं. "दार करताना तो आधी काय वापरतो?"

"करवत."

"आणि रंधा?"

"शेवटी."

"लेझर म्हणजे रंधा आहे. नाकाचा आकार बदलायचा, वाकडं हाड सरळ करायचं, तिथं त्याचं काही काम नाही. ते हत्यारानंच करावं लागतं. कुणी फलकावर काहीही लिहू दे. तुमचं हाड उत्तम आहे. वरची कातडी वाढली आहे. ती पातळ थरांनी तासायची, तिथं लेझर खरंच कामाला येतं. रक्त कमी जातं, हात बारीक चालतो. पण वरचे मोठे गोळे मी ब्लेडनंच काढणार. ते तपासायला पाठवायचे असतात, आणि लेझरनं त्यांची वाफ झाली तर तपासायला काय पाठवू?"

"तपासायला कामून?" सुनंदानं विचारलं.

"सवयीनं. अशा जाड कातडीखाली कधीकधी दुसरं काही लपलेलं असतं. बहुतेक नसतंच."

"बहुतेक" हा शब्द मी घरी घेऊन आलो. पुढचे दहा दिवस तो माझ्यासोबत जेवला.

"आणि संध्याकाळी घरी?" दिगंबर शेवटची बाजू लढवत म्हणाला.

"दुसऱ्या दिवशी घरी. पण दोन-तीन आठवडे नाक सोललेल्या गुडघ्यासारखं दिसेल. लेझर झालं तरी जखम ती जखमच. मग काही महिने गुलाबी राहील. उन्हात उघडं फिरायचं नाही."

परभणीच्या माणसाला उन्हात फिरू नका म्हणणं म्हणजे काय, हे डॉक्टर बाहेरगावचे असल्यामुळं त्यांना माहीत नसावं.

छिन्नी

दवाखान्यात माझ्या शेजारच्या खाटेवर मोनिका नावाची कॉलेजात जाणारी मुलगी होती. स्कुटीवरून गतिरोधकावर पडून तिचं नाक डावीकडं गेलं होतं, आणि नीट बसलं नव्हतं. तिला श्वासही घेता येत नव्हता आणि फोटोही काढता येत नव्हता. फोटोचं दुःख तिला जास्त होतं. तिनंही येतानाच लेझर मागितलं होतं.

"काका, तुमाला काय करायलेत?"

"ब्लेड आणि लेझर."

"आणि मला छिन्नी अन् हातोडी." ती आईकडं वळली. "आई, बग. काकाला लेझर अन् मला छिन्नी."

"तुजं नाक हाडात मोडलंय, त्यांचं चामडीत," आई म्हणाली. त्या बाईला एका वाक्यात जेवढं कळलं होतं, तेवढं आम्हाला कळायला डॉक्टरांना सुताराचं अख्खं दुकान मांडावं लागलं होतं.

नर्स आली, ताप पाहिला, गेली. दुसरी आली, तिनंही पाहिला. दवाखान्यात ताप नसलेल्या माणसाचाच ताप जास्त वेळा पाहतात. सकाळपासून उपाशी. मोनिकाच्या आईच्या डब्यात मेथीचे पराठे होते आणि माझं नाक शेवटच्या दिवशीही आपलं मूळ काम चोख करत होतं.

आत नेण्याआधी पल्लवी खाटेजवळ आली. "पप्पा, हे माज्यासाठी करायलाव का?"

"न्हाई. चष्मा घसरायलाय."

"तुमाला चष्मा न्हाई."

मी छताकडं पाहिलं.

"तुमच्या नाकावर माजं लग्न अडत असंल, तर मला त्या घरात जायचंच न्हाई," ती म्हणाली आणि बाहेर गेली. डबा ठेवून गेली. आमच्या घरात भांडण झालं तरी डबा येतो.

आत

खरं सांगतो. सगळ्यात जास्त दुखतं ते नाक बधिर करायचं इंजेक्शन. एक नाही, पाच-सहा. डोळ्यांतून पाणी आपोआप येतं, त्याची लाज बाळगू नका. त्यानंतर मात्र नाक कुणा दुसऱ्याचं असल्यासारखं वाटतं. माझ्या डोळ्यांवर लेझरपासून जपायला झाकणं बसवली. काही दिसत नव्हतं. फक्त कुणीतरी खरवडतंय एवढं कळत होतं.

"लेझर चालू झालं का?" मी विचारलं.

"अजून ब्लेडच आहे."

थोड्या वेळानं पुन्हा. "आता?"

"अजून ब्लेडच."

मला दिगंबरची दया यायला लागली. मग कधीतरी बारीक गुणगुण सुरू झाली आणि जळलेल्या केसांचा वास आला. "आता रंधा," डॉक्टर म्हणाले. बारा वर्षांत वाढलेलं नाक, आणि रंध्याचं काम अर्ध्या तासात संपलं.

नंतर आरसा मागितला तर नर्सनं दिला नाही. "उद्या बगा, काका." तिचं खरं होतं. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर नाकाच्या जागी ओलं, लालभडक काहीतरी होतं. पण लहान होतं. त्याला दोन बाजू होत्या, मधे शेंडा होता. मी ते वडिलांच्या फोटोत पाहिलं होतं. तोपर्यंत मला माहीत नव्हतं की आमचं नाक एकच आहे.

मोनिकाच्या चेहऱ्यावर प्लास्टरचा तुकडा आणि डोळ्यांखाली निळंजांभळं. ती तोंडानं श्वास घेत मला म्हणाली, "काका, तुमचं लेझर माज्या छिन्नीपेक्षा लय खराब दिसायलंय." आणि समाधानानं पडून राहिली.

मलम

घरी आल्यावर दिवसातून चारदा मलमाचा जाड थर. सुकू द्यायचं नाही, खपली काढायची नाही. उशी उंच. ज्यांना हे करायचं आहे त्यांनी एवढं लक्षात ठेवा: पहिल्या आठवड्यात आरशाशी बोलू नका, तो त्या दिवसांत खोटं बोलतो.

पल्लवी माझ्याशी मोजकंच बोलत होती, पण मलम तीच लावायची. कापसानं, फुंकर घालत. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आजोबासारखं झालंय." मला तेवढं पुरलं.

पाचव्या दिवशी दवाखान्यातून फोन आला. सुनंदानं घेतला. ती नुसती "हां, हां" करत होती आणि मी तिच्या चेहऱ्यावर काही वाचता येतं का पाहत होतो. मला वाटलं होतं मी इतका घाबरलेलो नाही. पण तेवढ्यात मलमाच्या डब्याचं झाकण मी तीनदा उघडून तीनदा लावलं होतं. तिनं फोन ठेवला. "साधी वाढ म्हनले. काही न्हाई." मग ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ चालू ठेवून उभी राहिली. "बहुतेक" हा शब्द तिच्याही ताटात बसत होता, हे मला तेव्हा कळलं.

सहावा दिवस

सहाव्या दिवशी दुपारी फाटक वाजलं. दारात गंगाधरराव. एकटेच. दोन एसट्या बदलून आले होते, हातात केळीची पिशवी. मी तोंड लपवायला मास्क शोधू लागलो; पण मलमावर मास्क कसा लावणार?

नंतर कळलं. दिगंबरनं आम्हाला न विचारता त्यांना फोन केला होता: "दाजी परभणीला दवाखान्यात भरती होते. लेझर केलंय. आता सगळं बंद. चार दिवसांत येऊन बघा." सगळं बंद म्हणजे नाकाची वाढ, असं त्याला म्हणायचं होतं.

ते बसले. माझ्या नाकाकडं पाहिलं, पण या वेळी नजर पटकन वर आली, डोळ्यांत.

"लय तरास झाला का?" त्यांनी विचारलं.

"इंजेक्शनचा झाला."

"लेझरनं खरंच सुटती का ओ?"

"काय?"

त्यांनी आतल्या दाराकडं पाहिलं. सुनंदा चहाला गेली होती. आवाज खाली आणला. "दारू. मला आठ वर्सं झाली सोडून. माज्या वक्ताला हे लेझर-बिझर नव्हतं. नुसतं दात खाऊन सोडली. आजबी कुटं लग्नात गेलो का मांडवामागं प्यायला जानाऱ्याकडं पाय वळतो."

ते पुढं बोलू लागले.

"त्या दिवशी तुमी मास्क काढला अन् माजं पानीच झालं. म्हटलं, पोरगी सोन्यासारखी, पन हा मानूस आपला इवाई झाला, सनासुदीला बसायचं उठायचं आलं, तर माजी आठ वर्सं एका रातीत जातील. अन् ते तुमचं कार्ड बगून तर खात्रीच पटली. मीबी एका डॉक्टरकडून असाच कागद लिहून घेतला होता. बायकोला दाखवायला."

महिनाभर मी समजत होतो की या माणसानं मला नापास केलं. तो तर स्वतःलाच घाबरून घरी बसला होता.

"गंगाधरराव," मी म्हणालो, "मी कधी प्यायलोच न्हाई. हा चामडीचा आजार होता. लेझर नाकावर केलंय, दारूवर न्हाई. दारूला लेझर नसतं."

त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, समजूतदारपणे. "मीबी पाच वर्सं हेच सांगत हिंडलो. तुमी बोलू नका आता. नाक ओलं हाय."

माझा हात शर्टाच्या खिशाकडं गेला. लॅमिनेशन तिथंच होतं, सही-शिक्क्यासकट. बारा वर्षं मला वाटत होतं की जगात कुणी एक तरी माणूस माझ्यावर विश्वास ठेवावा. समोरच्या माणसाला आठ वर्षं वाटत होतं की कुणी एक तरी माणूस आपल्यासारखा भेटावा. मी हात रिकामाच बाहेर काढला.

"लग्नात कुनी मांडवामागं बोलावलं तर?" त्यांनी विचारलं.

"मी तुमच्या शेजारी बसतो. तुमी उठले का मी उठतो. मी बसलो का तुमी बसायचं."

सुनंदा चहा घेऊन आली. दोघांनी प्यायला. कप बशीवर वाजला नाही.

गुलाबी

चुडाव्याचं घर माझ्या नाकावर अडलं नव्हतं, एवढंच मी पल्लवीला सांगितलं; ती हो म्हणाली आणि लग्न दिवाळीनंतर झालं. तेव्हाही माझं नाक गुलाबीच होतं, आणि दिगंबरनं मांडवात हौसेनं लावलेल्या लेझरच्या दिव्यांत ते हिरवं, निळं, जांभळंही झालं. अख्ख्या पालमनं माझं अभिनंदन केलं. मुलीच्या लग्नाबद्दल नाही, सोडल्याबद्दल. तहसीलमधला एक शिपाई मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, माझ्या भावाला दोन शब्द सांगा." मी नाही म्हणून पाहिलं. मग जाऊन सांगितले. काय सांगितले ते मी इथं लिहीत नाही. त्यातलं निम्मं गंगाधररावांचं होतं.

लग्नानंतर काही महिन्यांनी एकदा मी त्यांना ते लॅमिनेशन पुन्हा दाखवलं आणि सगळं नीट समजावून सांगितलं. या वेळी त्यांना पटलं. ते बराच वेळ हसले.

"म्हंजी लग्नात तुमी खामखाच माज्या शेजारी बसले."

"खामखा कसं? चहा चांगला होता."

त्यांनी कार्ड हातात फिरवलं. "माज्या नावाचं असं एक मिळंल का?"

डॉक्टरांशिवाय असा कागद देता येत नाही, हे मी त्यांना सांगितलं. पण दुकान माझं होतं. लग्नातला एक फोटो आमच्याकडं होता: पुढच्या रांगेत आम्ही दोघे व्याही, हातात चहाचे कप, मागं मांडवामागं निघालेल्या चौघांच्या पाठी. मी तो खिशाच्या मापाचा करून घेतला, लॅमिनेशनच्या मशीनमधून काढला, कडा कापल्या आणि त्यांना दिला.

आता मांडवात कुणी खांद्यावर हात ठेवून "चला की" म्हणालं, की गंगाधरराव शर्टाच्या खिशातून तो काढून दाखवतात. लोक आधी फोटोकडं पाहतात आणि मग माझ्या नाकाकडं. मी शेजारीच बसलेला असतो; हो म्हणून मान हलवतो.